दिवसाआड

पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या आकुर्डीत नेत्यांची वानवा कधीच नव्हती. खंडोबा माळ चौकात पाच मिनिटं थांबलं, तरी वाढदिवसाच्या, निवडीच्या आणि 'भावी'च्या फलकांवरून आठ-दहा चेहरे आपल्याकडे बघत असतात. हे चेहरे नुसते फलकावर राहत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. ते लग्नाला येतात, दहाव्याला येतात, शाळेच्या प्रवेशासाठी शब्द टाकतात, रात्री दोनला फोन उचलून महापालिकेच्या वायसीएम रुग्णालयात खाट मिळवून देतात. लातूर-नांदेडकडून पोटासाठी आलेल्या, या शहरात मागेपुढे कुणी नसलेल्या कुटुंबाला त्या एका फोनचं मोल काय असतं, ते मी जवळून पाहिलं आहे. त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. आमच्याकडे अशा नेत्याला 'कामाचा माणूस' म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरंच असतं.

तरीही एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही. इतकी कामाची माणसं असलेल्या या शहरात मोठं काम तडीस का जात नाही? फोन उचलणारा आहे. पण पंधरा वर्षांनी इथे किती लोक राहत असतील, ते कुठलं पाणी पीत असतील, त्यांचं सांडपाणी कुठल्या नदीत उतरत असेल, हे डोक्यात घेऊन सकाळी उठणारा कोण आहे? मी पक्षाचं नाव घेत नाही, कारण त्याने काही फरक पडत नाही. २००२ पासून पंधरा वर्षं महापालिकेवर राष्ट्रवादीचं राज्य होतं, २०१७ मध्ये भाजपचं आलं. मधल्या काळात कितीतरी माणसांनी घड्याळ सोडून कमळ हातात घेतलं. झेंडे बदलले, चेहरे बरेचसे तेच राहिले, आणि प्रश्नही जिथल्या तिथेच राहिले.

पाण्याचंच पाहू. २५ नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी येऊ लागलं. त्या वर्षी पाऊस दणकून झाला होता, पवना धरण भरलं होतं. पाणी होतं, ते शहरात आणायची, शुद्ध करायची आणि सगळ्यांना सारखं वाटायची ताकद अपुरी पडत होती. ही व्यवस्था तात्पुरती आहे, असं तेव्हा सांगितलं गेलं. मग करोना आला, नगरसेवकांची मुदत संपली, प्रशासक आले, आणि २०२५ साल सरलं तरी ते तात्पुरतं सरलं नाही.

दिवसाआड म्हणजे काय, ते बघायचं तर गावठाणातल्या एखाद्या चाळीत पाण्याच्या दिवशी पहाटे उभं राहावं. व्हॉल्व्हमन येतो, कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण सरकवतो, छातीएवढी उंच लोखंडी चावी आत घालतो आणि अंगाचा भार टाकून ती फिरवतो. नळातून आधी नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ पाणी येतं, दोन-तीन बादल्या ओतून दिल्यावर नितळ येतं. तेवढ्यात कुणीतरी नळाला थेट मोटर लावतं आणि चाळीच्या शेवटच्या घरातली धार करंगळीएवढी होते. त्या घरातली बाई एका कारखान्याच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. तिची पाळी सकाळी सहाची. पाणी आणि पाळी एकाच वेळी आली, की तिची नववीतली मुलगी निळा ड्रम भरेपर्यंत नळाशी थांबते आणि शाळेत उशिरा पोचते. मुलीच्या हजेरीपत्रकावर हे कारण कुठे लिहिलेलं नसतं. मोठ्या सोसायट्यांमध्ये यातलं काही दिसत नाही. तिथे पार्किंगखाली टाकी असते आणि टाकी आटली की टँकरवाल्याचा नंबर असतो. पाणी तिथेही कमीच येतं, फक्त त्याचा खर्च महिन्याच्या मेंटेनन्समध्ये मिसळून जातो. म्हणून तिथला माणूस नेत्याला जाब विचारत नाही, आणि चाळीतल्या बाईला विचारायला सवड नसते.

ही वेळ का आली, हे समजून घ्यायचं तर मावळात जावं लागतं. पवना धरणातलं पाणी नदीत सोडतात, ते वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं, तिथून उपसून निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध होतं. वाटेत पाणी मुरतं, गावागावांचं सांडपाणी त्यात मिसळतं. धरणापासून निगडीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकावी, ही कल्पना अभियंत्यांच्या दृष्टीने चुकीची नव्हती. २००८ साली, केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेचा पैसा मिळत असताना, ते काम हाती घेतलं गेलं. पाइप आले, काही ठिकाणी जमिनीत गेलेही.

पण त्या नकाशावर मावळचा शेतकरी नव्हता. पवना धरणासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांतल्या शेकडो खातेदारांचं पुनर्वसन चाळीस वर्षं रखडलेलं होतं. ज्याला जुन्या धरणाने फसवलं, त्याला आता सांगण्यात येत होतं की नदीतलं पाणी नळीतून जाईल, काळजी करू नका. नदी आटली तर काठावरच्या विहिरींचं काय, आमच्या उपसा पंपांचं काय, हे त्याचे प्रश्न रास्त होते. त्यांची उत्तरं देण्यासारखीही होती. करारात लिहून देता आली असती, पुनर्वसनाची थकबाकी आधी चुकती करता आली असती, गावांना त्याच वाहिनीतून पाणी देता आलं असतं. त्यासाठी कुणीतरी पवनमावळातल्या गावांत वर्षभर पारावर बसायला हवं होतं. ते कुणी केलं नाही. शहरात मतं मागताना एक बोलायचं आणि मावळात मागताना दुसरं, एवढंच झालं.

९ ऑगस्ट २०११, क्रांतिदिन. बऊर गावाजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले. पोलिसांनी गोळीबार केला. तीन माणसं गेली, त्यांत एक बाई होती. योजनेला स्थगिती मिळाली आणि आणलेले पाइप जागोजाग उघड्यावर गंजत पडले. स्थगिती उठली ती २०२३ मध्ये. मधली बारा वर्षं कुणाची? २००१ च्या जनगणनेत हे शहर १० लाखांचं होतं, २०११ मध्ये १७ लाखांच्या वर गेलं, आणि त्यानंतर तर मोशी, चिखली, वाकड, रावेत या भागांत इमारतींची रांग थांबलीच नाही. त्या इमारतींना परवानगी देणारी महापालिका आणि त्यांना पाणी न पुरवू शकणारी महापालिका एकच आहे.

नेतृत्वाला दृष्टी नाही असं आपण म्हणतो, तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर बहुधा मोठे पूल, चकचकीत रस्ते, नकाशे येतात. बऊरपाशी मला वेगळं वाटतं. नकाशा होता. पैसा होता. मंजुरी होती. या योजनेत ज्याचं काही जाणार आहे, तो माणूस मात्र आधी कुणाला दिसला नाही. मला वाटतं, राजकारणातल्या माणसाचं खरं काम तिथेच सुरू होतं. पाइप किती जाडीचा हवा, हे अभियंता सांगेल. ज्याच्या शेताच्या बांधावरून तो जाणार, त्याच्या घरी जाऊन बसणं अभियंत्याचं काम नाही. आमदाराचं आहे, खासदाराचं आहे, महापौराचं आहे. ज्याला ते जमत नाही, त्याने कितीही उद्घाटनं केली तरी तो नेता म्हणून अपुरा आहे.

हीच उणीव त्याआधीच्या, माझ्या मते अधिक शहाण्या पिढीतही होती, हे मान्य करायला हवं. कारखाने आल्यावर माणसं येतील, हे त्या पिढीने ओळखलं होतं. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही चार गावं एकत्र करून १९७० मध्ये नवनगरपालिका झाली, अण्णासाहेब मगर तिचे पहिले नगराध्यक्ष. १९७२ मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं. येणाऱ्या कामगाराला रास्त किमतीत घर मिळावं, सेक्टर असावेत, बागा असाव्यात, हा विचार त्यात होता. निगडी-प्राधिकरणातल्या रुंद, झाडांच्या रस्त्यांवरून संध्याकाळी फिरताना त्या विचाराबद्दल आजही कृतज्ञता वाटते. पण ज्यांच्या जमिनी घेतल्या, त्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के जमिनीचा परतावा द्यायचा की नाही, कुणाला द्यायचा, कधीपासून द्यायचा, यात दशकं गेली. १९७२ ते १९८३ या काळात जमीन गेलेल्यांनी तर जवळजवळ पन्नास वर्षं खेटे घातले. आजोबांनी केलेल्या अर्जावर नातवाने सह्या केल्या. ज्या जमिनी आरक्षित होऊन नुसत्या पडून राहिल्या, त्या गुंठ्या-गुंठ्याने विकल्या गेल्या. मुद्रांकाच्या कागदावर व्यवहार झाले आणि कामगाराने आयुष्यभराची पुंजी घालून दोन खोल्या बांधल्या. मग त्याच खोल्या बेकायदा ठरल्या. २००८ पासून शास्तीकर लागला. मूळ कर एक आणि दंड त्याच्या दुप्पट, अशी बिलं घेऊन लोक पंधरा वर्षं प्रत्येक निवडणुकीत त्याच प्रश्नाला मत देत राहिले. २०२३ मध्ये तो माफ झाला आणि माफीचे फलक लागले. घर बांधायला रास्त जागा वेळेत मिळाली असती, तर ना तो कर लागला असता ना ती माफी. हे मात्र कुठल्याच फलकावर नव्हतं.

२०२१ मध्ये हे प्राधिकरणच पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात, म्हणजे पीएमआरडीएत विलीन झालं. आकुर्डीतली त्याची इमारत आता पीएमआरडीएचं मुख्यालय आहे. म्हणजे पुणे महानगर प्रदेशाचं, शेकडो गावांचं भविष्य आमच्या आकुर्डीत ठरतं. त्या प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा ऑगस्ट २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर हजारो हरकती आल्या, सुनावण्या झाल्या, लोक गावाकडून एसटीने येऊन रांगेत उभे राहिले. प्रकरण न्यायालयात गेलं. २०२५ मध्ये राज्य सरकारने तो आराखडाच रद्द केला. चार वर्षांत त्या गावांमध्ये गोदामं, प्लॉटिंग, लेबर कॅम्प, इमारती उभ्या राहायच्या थांबल्या नाहीत. आराखडा नव्हता, तरी शहर वाढतच गेलं. रस्त्याची जागा, नाल्याची जागा, शाळेची जागा एकदा बांधकामाखाली गेली, की पुढे कितीही हुशार नेता आला तरी त्याला ती पैशाने परत आणता येत नाही.

पैशाचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. आमच्या महापालिकेला कित्येक वर्षं 'आशियातली सर्वांत श्रीमंत महापालिका' म्हणायची पद्धत होती. कारखान्यांच्या जकातीवर तिजोरी भरत असे. २०१३ मध्ये जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, पुढे जीएसटीचं अनुदान आलं. पण हे शहर पैशाअभावी अडलं, असं कुणी म्हणू शकणार नाही. मला अशा वेळी राधानगरी आठवतं. १९०७-०८ च्या सुमारास राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. संस्थान लहान, तिजोरी बेताची. पाठीमागे दुष्काळांचा अनुभव होता आणि पुढच्या पिढ्यांची काळजी होती. पैसा संपला, काम अर्ध्यावर थांबलं. १९२२ मध्ये महाराज गेले. धरण पुरं झालं ते स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात. ज्यांनी ते मनात आणलं, त्यांना ते भरलेलं बघायला मिळालं नाही. तरी कोल्हापुरात आजही त्या धरणाचं श्रेय त्यांनाच देतात. आमच्याकडे उलटं आहे. भूमिपूजन एकाचं, लोकार्पण दुसऱ्याचं, आणि मधल्या काळाचा धनी कुणीच नाही.

याचं सगळ्यात लांबलचक उदाहरण रोज डोळ्यांसमोर असतं. जुन्या मुंबई-पुणे महामार्गाचा निगडी ते दापोडी हा साडेबारा किलोमीटरचा पट्टा ६१ मीटर रुंद करायचा, हा निर्णय ज्यांनी घेतला त्यांचं मोठेपण मान्य केलं पाहिजे. अतिक्रमणं काढणं, लोकांचा रोष पत्करणं सोपं नव्हतं. त्या रस्त्यावर बीआरटी बसची स्वतंत्र मार्गिका झाली. थांबे उभे राहिले, कठडे लागले आणि वर्षानुवर्षं रिकामे राहिले. कठड्यांना धडकून गाड्या फुटल्या, थांब्यांच्या काचा गेल्या, तिथे रात्री माणसं झोपू लागली. सुरक्षेचा प्रश्न न्यायालयात गेला. बस धावली ती ऑगस्ट २०१८ मध्ये. मग मेट्रो आली. ६ मार्च २०२२ ला ती सुरू झाली, पण पिंपरीपर्यंतच. चिंचवड, आकुर्डी, निगडी हा सगळ्यात वर्दळीचा पट्टा तिच्यातून वगळलेला होता. निगडीपर्यंत का नाही, हे इथल्या लोकांनी पहिल्या दिवसापासून विचारलं होतं, निवेदनं दिली होती. बरोबर दोन वर्षांनी, ६ मार्च २०२४ ला, निगडीच्या विस्ताराची पायाभरणी झाली. चार-साडेचार किलोमीटरसाठी तोच रस्ता पुन्हा खणला गेला. आधीच एकत्र मंजूर झालं असतं, तर एकदाच खणला असता. ज्या सामान्य माणसाला हे दिसलं, ते निर्णय घेणाऱ्यांना का दिसलं नाही?

त्याच रस्त्याच्या टोकाला, निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात, २०१८ मध्ये १०७ मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभारला. तिरंगा वर चढला तेव्हा माझीही छाती भरून आली. पण त्या उंचीवरच्या वाऱ्याने कापड टिकेना. ध्वज फाटायचा, उतरवावा लागायचा, आणि खांब कित्येक दिवस मोकळा उभा राहायचा. ध्वजाचा मान राखायचा तर आधी वाऱ्याचा विचार करायला हवा होता.

कुणी म्हणेल, आपल्याकडे कुवतच नाही. मला हे पटत नाही, आणि माझ्याकडे त्याचा पुरावा आहे. जगद्गुरू तुकोबारायांची पालखी देहूहून निघाली, की आमच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते. त्या एका रात्रीसाठी आकुर्डी काय करते, ते बघण्यासारखं असतं. शाळांच्या वर्गांत दिंड्या उतरतात, पाण्याचे टँकर ठरलेल्या कोपऱ्यावर ठरलेल्या वेळी उभे असतात, फिरती शौचालयं येतात, दवाखान्याची गाडी येते, आरोग्य खात्याची माणसं रात्रभर झाडू घेऊन फिरतात. दुसऱ्या दिवशी पालखी पुण्याकडे निघून गेल्यावर दुपारपर्यंत रस्ता स्वच्छ झालेला असतो. हेच कर्मचारी, हेच अधिकारी, हेच नगरसेवक. मग इथे कसं जमतं? किती माणसं येणार, कधी येणार, त्यांना काय लागणार, हे सगळ्यांना आधी माहीत असतं. कुणाचं काम कुठलं, ते ठरलेलं असतं. तारीख पुढे ढकलता येत नाही. आणि चूक झाली तर ती लाखो माणसांसमोर उघडी पडते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कुवत आहे. तिला बांधून ठेवणारी तारीख आणि हिशेब मागणारे डोळे वर्षाचे बाकीचे दिवस नसतात.

नसतात, कारण आपण व्यवस्थाच तशी केली आहे. २०१७ मध्ये ३२ प्रभाग आणि प्रत्येकात चार नगरसेवक असं १२८ जणांचं सभागृह निवडून आलं. त्याआधी २०१२ मध्ये प्रभागात दोन होते, त्याहीआधी एक. सरकार बदललं की प्रभागाची रचना बदलते. नागरिकाच्या सोयीचा विचार त्यात कुणी केल्याचं मला दिसलेलं नाही. चौघांना एकच भाग दिला, की नाला तुंबल्यावर चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि नव्या बाकड्यावर मात्र चौघांची नावं असतात. महापौरपदाची मुदत कायद्याने अडीच वर्षांची. २०१७ नंतरच्या पाच वर्षांत आमच्याकडे तीन महापौर झाले, कारण प्रत्येक गटाला संधी द्यायची असते. स्थायी समितीचा अध्यक्ष वर्षाचा. वर्षभरात माणूस फायली ओळखायला शिकतो तोवर त्याची पाळी संपते. सर्वसाधारण सभा म्हणावी, तर श्रद्धांजली वाहून तहकूब, पुन्हा तहकूब, आणि मग एका दुपारी ढीगभर विषय उपसूचनांसह मंजूर. शहराच्या पाण्यावर, नद्यांवर, कचऱ्यावर दिवसभर चाललेली अभ्यासू चर्चा मला आठवत नाही. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, तेव्हा यशवंतराव चव्हाणांच्या पिढीला वाटत होतं की इथे कार्यकर्ता शिकेल, घडेल आणि मग वर जाईल. शिकायला वेळ लागतो. तो वेळच आपण कुणाला देत नाही, आणि शिकलेल्याला तिकीट मिळेल याची खात्रीही देत नाही.

मग १३ मार्च २०२२ ला सभागृहाची मुदत संपली आणि प्रशासक आले. अनेक सुशिक्षित लोक तेव्हा म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. मला त्यांचं म्हणणं कळतं. श्रीकर परदेशींसारख्या आयुक्ताने २०१२ ते २०१४ या काळात कायद्याला धरून काय करता येतं ते दाखवलं होतं, आणि त्यांची मुदतीआधी बदली झाली तेव्हा लोक रस्त्यावर आले होते. पण जवळजवळ चार वर्षं नगरसेवकांशिवाय गेली, आणि त्या काळात दिवसाआडचं पाणी रोजचं झालं नाही. २०२५ च्या मे महिन्यात चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानुसार पाडले गेले. माणसं रडत होती. पूररेषा नकाशावर होती, बांधकाम वर्षानुवर्षं चालू होतं, आणि वेळेवर थांबवायला तिथे कुणी गेलं नाही. ना निवडून आलेला, ना नेमलेला. प्रशासक आज आहे, उद्या त्याची बदली होते. आयएएस अधिकाऱ्याला शहराचा हिशेब देता येतो. पण बऊरच्या पारावर बसून मतभेद मिटवायचं काम त्याच्यावर ढकलता येत नाही. त्याला राजकारणीच लागतो, आणि तो चांगलाच लागतो.

चाकणला गेलं की या सगळ्याची पुढची पायरी दिसते. बजाज १९९९ मध्ये तिथे गेली, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पुढे किती आले त्याला गणती नाही. परदेशात जाऊन करार करणारे नेते हारतुरे घेऊन परत येतात. पण कारखान्यात जाणारा कामगार राहतो खराबवाडीत, कुरुळीत, महाळुंग्यात, निघोज्यात. काही हजार लोकवस्तीसाठी रचलेल्या ग्रामपंचायतींवर शहराएवढा भार पडला आहे. एका खोलीत सहा-सात पोरं, तीन पाळ्यांमध्ये आळीपाळीने झोपणारी. सांडपाणी ओढ्यात, ओढा इंद्रायणीत, आणि इंद्रायणी आळंदीत माउलींच्या दारात फेस घेऊन पोचते. तळेगाव चौकात ट्रक तासन्‌तास उभे असतात. त्या चौकाची पहाटे पाहणी करणारे नेते मी पाहिले आहेत आणि त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. पण त्या रस्त्यावर किती गाड्या येणार, हे एमआयडीसीने पहिला भूखंड वाटला त्या दिवशी मोजता आलं असतं. विमानतळ चाकणला होणार म्हणून कितीतरी वर्षं जमिनींचे भाव चढत राहिले, आणि २०१६ मध्ये तो पुरंदरकडे गेला. मधल्या काळात तिथे साधं सांडपाणी प्रक्रियेचं पुरेसं जाळंही उभं राहिलं नाही.

१५ जानेवारी २०२६ ला अखेर महापालिकेचं मतदान झालं. प्रचाराच्या दिवसांत आमच्या भागातही पदयात्रा आल्या, हळदीकुंकू झालं, वाण मिळालं. उमेदवारांना मी एकच गोष्ट विचारत होतो, २०४० मध्ये आकुर्डीला पाणी कुठून येणार? एक तरुण उमेदवार थांबला. "काका, हे आजपर्यंत कुणी विचारलंच नाही," तो म्हणाला. तो प्रामाणिक होता, आणि त्याच्या वाक्यात आपल्या सगळ्यांचा वाटा आहे. आपण त्याला गल्लीतले पेव्हिंग ब्लॉक मागितले, त्याने ते दिले. चांगले असलेले उखडून पुन्हा बसवले, तेव्हाही आपण टाळ्या वाजवल्या. तो लग्नाला आला नाही, तर आपण वर्षभर लक्षात ठेवलं. तो सभागृहात पाच वर्षांत एकदाही बोलला नाही, हे आपण मोजलंच नाही.

मोजायची सोय मात्र कायद्यात आहे. २००९ मध्ये महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना एकत्र बोलवायचं, कामांचा अग्रक्रम त्यांच्यासमोर ठरवायचा. गावाला ग्रामसभा आहे, तशी शहरातल्या माणसाला क्षेत्रसभा. इतकी वर्षं होऊन गेली, तरी आकुर्डीतल्या माझ्या शेजाऱ्यांपैकी कुणी अशी एकही सभा पाहिलेली नाही. बहुतेकांनी तिचं नावही ऐकलेलं नाही. नवे नगरसेवक निवडून आले आहेत. तुमच्या प्रभागातल्या चौघांना लेखी पत्र द्या, त्यावर पोच घ्या, आणि क्षेत्रसभा मागा. पहिल्या सभेत गल्लीचा विषय काढू नका. पाण्याचा काढा.